समुद्राचा श्वास

यजमान गेल्यावर मी वृंदगानाच्या तालमींना जाणं बंद केलं होतं. आम्ही दोघंही तिथे गायचो. ते मागच्या ओळीत, खर्जात. हिवाळ्यात नवी रचना बसवायला घेतली तेव्हा वृंद चालवणाऱ्या सरांचा निरोप आला, आणि मी हडपसरहून कॅम्पातल्या सभागृहात पुन्हा जाऊ लागले.

रचना एका निर्वासित मुलीची. युद्धातून निसटून ती एकटी नावेतून समुद्र ओलांडते. तिचं गाणं कॉलेजातली एक मुलगी गायची, वाद्यवृंद वारा व्हायचा आणि आम्ही समुद्र. शब्द नाहीत, फक्त एक लांबलचक ‘आ’. तो कुणाच्याच एका श्वासात मावत नाही. म्हणून शेजारी गात असेल तेव्हा आपण हळूच श्वास घ्यायचा, आपण गाताना त्याने. ऐकणाऱ्याला स्वर अखंड वाटतो.

माझा आवाज मात्र मध्येच जायचा. रोज वाटायचं, आज सर थांबायला सांगणार. गाणं सुटलं असतं तर घराबाहेर पडायला मला कारणच उरलं नसतं.

रंगीत तालमीत आवाज पुन्हा गेला. आणि थोड्याच वेळात सगळा वृंदच एकदम थांबला. मुलगी दोन शब्द एकटी गायली आणि गप्प झाली.

“समुद्र आटला,” सर म्हणाले. “पोरगी वाळूत नाव वल्हवतेय. काय झालं, सांगेल का कुणी?”

माझ्या शेजारच्या बाई बोलल्या. मी अडखळले हे पाहून त्यांनी आपला श्वास लांबवला होता, माझी जागा भरून काढायला. मग एकेक जण कबुली देत गेला. सगळ्यांनी तेच केलं होतं, एकमेकांना न सांगता. दमही सगळ्यांचा एकदमच संपला.

कुणीतरी हसलं. मला हसू येईना.

“माझ्यासाठी श्वास रोखू नका,” मी म्हणाले. “आपापल्या पाळीला श्वास घ्या. माझा आवाज गेला तर जाऊ दे.”

“ऐकलंत ना?” सर म्हणाले. “दुखवटा घरी पाळा. इथे श्वास घ्या.”

प्रयोगाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. नाव निघाली. वारा वाढला आणि माझा आवाज थांबला. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारी पाहिलं. बाईंनी माझ्याकडे न बघता, ठरल्या जागी, शांतपणे श्वास घेतला. आमच्या कोपऱ्यात क्षणभर कुणीच गात नव्हतं. तरी स्वर चालू होता.

मीही श्वास भरून घेतला आणि त्यात शिरले. सूर नीट लागला की नाही, सांगता येणार नाही. मुलगी अजून किनाऱ्यापासून लांब होती.