चार भाषांतला आवाज

"बघून येतो, मग बोलतो," असं म्हणून ते चपला पायात सरकवायचे आणि माइक रिक्षाच्या सीटवर तसाच ठेवून चालू लागायचे. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर ती रिक्षा उभी असायची. टपावर दोन भोंगे, आत एक जुना अँप्लिफायर. कुणी येऊन सांगितलं की अमक्याच्या घरी मयत झाली, अंत्ययात्रा चार वाजता, तर मामा आधी त्या घरी जाऊन यायचे. दारात चार माणसं दिसली, घरच्या कुणी मान हलवली, की मगच भोंगा सुरू. एकदा असंच कळलं म्हणून गेले, तर ज्यांच्या नावाची बातमी होती ते गृहस्थ ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होते. मामांनीही बसून अर्धा कप घेतला आणि परत आले. त्या गृहस्थांना कशासाठी आलो होतो ते मात्र सांगितलं नाही.

त्यांना सगळे मामाच म्हणत. माझ्या दुकानात झेरॉक्सबरोबर जाहिरातींचं रेकॉर्डिंगही होतं, त्यामुळे आमची रोजची गाठ. चादरींचा सेल, डोळे तपासणी शिबिर, हरवलेली म्हैस, सगळं त्यांच्याच आवाजात. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. आमच्या भागात ते कधी येणार हे व्हॉल्व्ह फिरवणारा चावीवाला मामांना सांगायचा आणि मामा गल्लीगल्लीत. त्यांनी "उद्या सकाळी सहाला" म्हटलं की बायका पिंपं घासायला काढायच्या. दुसऱ्या कुणाला विचारायची गरज कधी पडली नाही.

मामा मूळचे कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचे. घरात कानडी, बाजारात मराठी. सोलापुरात आल्यावर विणकरांच्या वस्तीत खोली घेतली, तिथे तेलुगू आलं, आणि रिक्षाच्या धंद्यात दखनी उर्दू. एकच मजकूर ते चारी भाषांत सांगायचे आणि प्रत्येक भाषेत त्यांचा चेहरा वेगळा व्हायचा. शाळा मात्र कानडी, तीही चौथीपर्यंत. मराठी अक्षरं त्यांना दुकानाच्या पाटीपुरतीच लागत. लांब मजकूर मी वाचून दाखवायचो, ते डोळे मिटून ऐकायचे आणि दुसऱ्या वेळी न अडखळता म्हणून दाखवायचे.

निवडणूक आली की मामांना सगळेच पक्ष बोलवत. सकाळी एकाच्या रिक्षात, संध्याकाळी दुसऱ्याच्या. मी एकदा त्यांना विचारलं होतं, तुम्ही मयतीची खात्री करून घेता, मग ह्या लोकांची आश्वासनं कशी काय तशीच ओरडून सांगता? ते हसले.

"आंबेवाला आपला आंबा गोडच म्हणनार की. घेनाऱ्याला ठावं असतंय. त्यात खोटं काय न्हाय, भाऊ."

मला तेव्हा ते पटलं होतं. अजूनही बरंचसं पटतं.

महापालिकेच्या निवडणुकीत आमच्या प्रभागातून एक बाई अपक्ष उभ्या राहिल्या. प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून त्यांची सारी नोकरी झाली होती, त्यामुळे निम्मी पेठ त्यांना सिस्टर म्हणून ओळखत होती. पैसा नव्हता, पण घरोघरी पायी फिरून त्यांनी बरीच हवा केली होती. समोरच्यांना ते जाणवू लागलं होतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी त्या समोरच्या गटाचा एक कार्यकर्ता दुकानात आला. चांगला पन्नाशीचा, ओळखीचा माणूस. प्रचार संपला होता, भोंग्याला बंदी होती. त्याला मोबाइलवर पाठवायला मामांच्या आवाजात चार ओळी हव्या होत्या. मजकूर असा की सिस्टरांनी आमच्या उमेदवाराला पाठिंबा दिला आहे, मशीनवर त्यांचं नाव राहिलं असलं तरी त्यांना मत देऊन वाया घालवू नका.

मामांनी विचारलं, कशावरून? त्याने मोबाइलवर एका पत्राचा फोटो दाखवला. मामांनी फोन लांब धरला, जवळ धरला, आणि माझ्याकडे दिला.

"बघ की भाऊ, काय लिवलंय."

माझ्यासमोर लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. मी पाहिलं. सिस्टरांचं नाव, खाली सही, तारीख. सिस्टरांची सही मी त्याआधी कधी पाहिलेली नव्हती, आणि हे मला त्या क्षणी सुचलंही नाही.

"बरोबर आहे, मामा," मी म्हणालो.

मामांनी मराठीत सांगितलं, मग तेलुगूत, कानडीत, दखनीत. सात-आठ मिनिटांचं काम. संध्याकाळपर्यंत ते चारी तुकडे प्रभागातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरत होते. माझ्या बायकोच्या फोनवरही आले. ती म्हणाली, बरं झालं कळलं, मी त्यांनाच देणार होते. तरीही मला काही वाटलं नाही.

सकाळी मतदान सुरू होऊन तासभर झाला असेल. मामा सिस्टरांना घेऊनच दुकानात आले आणि मला ते रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. आम्ही तिघांनी ते ऐकलं. मामा दुसऱ्याच कुणाचा आवाज ऐकावा तसे खाली मान घालून ऐकत होते.

"मामा, आवाज तुमचाच आहे," सिस्टर म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. थकलेल्या वाटत होत्या.

"व्हय."

"मी खरंच असं केलं असतं, तर तुम्हाला सांगायला मीच आले नसते का? दोन गल्ल्या पलीकडे तर राहते मी."

मामा म्हणाले, "बघून आलो न्हाय. फोटू बघितला."

पत्र मी वाचलं होतं, हे सांगायची ती वेळ होती. मी प्रिंटरमधला कागद काढून पुन्हा नीट लावत बसलो.

भोंगा लावता येत नव्हता. मामा चालत निघाले. प्रत्येक दारात उभे राहून सांगत होते की काल मी बोललो ते खोटं होतं, सिस्टर हटलेल्या नाहीत. विणकरांच्या वस्तीत तेलुगूत, पुढच्या मोहल्ल्यात दखनीत. मला वाटलं होतं, माणूस स्वतः दारात येऊन सांगतोय म्हटल्यावर लोक ऐकतील. झालं उलटंच. कालचा आवाज खरा आणि दारात उभा असलेला माणूस संशयाचा. आज कुणी पाठवलं, असं लोक त्यांना हसत हसत विचारत होते. एकाने तर त्यांच्यासमोरच फोनवर कालचं रेकॉर्डिंग लावून त्यांना ऐकवलं.

एका म्हातारीचं मामांनी मला नंतर सांगितलं. तिच्या नातवाचा जन्म सिस्टरांच्या हातचा. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बोट पुढे केलं. शाई लागलेली होती.

दुपारी मतदान केंद्राजवळ पोलिसांनी त्यांना अडवलं. मतदानाच्या दिवशी उमेदवाराचं नाव घेत फिरणं म्हणजे प्रचार, आणि हवालदाराचं म्हणणं कायद्याने चुकीचं नव्हतं. मामांनी त्याला सांगून पाहिलं की हा प्रचार नाही, चूक दुरुस्त करतोय. मतदान संपेपर्यंत त्यांना चौकीतल्या बाकावर बसवून ठेवलं. मी डबा घेऊन गेलो. त्यांनी तो उघडला नाही.

सिस्टर पडल्या. थोड्याच मतांनी पडल्या. मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी मामांनी मला विचारलं, "त्यातली माझी किती, भाऊ?"

काहींनी मुळातच दुसऱ्याला दिलं असतं, काही घराबाहेरच पडले नसते. माझ्या बायकोचं एक मत मला ठाऊक होतं. तेही मी त्यांना सांगितलं नाही.

ते रेकॉर्डिंग पुसून टाकायचं माझ्या मनात होतं. मामांनी ठेवायला लावलं, आपला पुरावा आहे म्हणाले. मग कोर्टाबाहेरच्या एका अर्ज लिहिणाऱ्याकडून त्यांनी तक्रार लिहून घेतली. मी बरोबर येतो म्हटलं, तर म्हणाले, तू दुकान बघ. त्यांना तीनदा निवडणूक कचेरीत बोलावलं. त्या कार्यकर्त्याने कानावर हात ठेवले, पत्राचा फोटो कुणाच्याच फोनमध्ये सापडला नाही. पुढे काही झालं नाही.

त्यानंतर मामांनी कुठल्याच पक्षाचं काम घेतलं नाही. पाण्याचं आणि मयतीचं तेवढं चालू ठेवलं. पण आता त्यांनी "सहाला पाणी" म्हटलं की एखादी बाई खिडकीतून विचारायची, "नक्की ना मामा?" तिच्या मनात काही नसायचं. मामा थांबून प्रत्येकीला "नक्की, ताई" असं उत्तर द्यायचे. सिस्टर आठवड्यातून एकदा येऊन दुकानातच त्यांचा रक्तदाब बघायच्या. दोघं त्या विषयावर परत कधी बोलले नाहीत. उन्हाळा, पाणी, दुधनीची तूर, असलंच काहीतरी.

गेल्या वर्षी मामा वारले. झोपेतच गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी सिस्टर एक फाइल घेऊन दुकानात आल्या. त्या खोट्या पत्राबद्दल त्या आता स्वतः वर अर्ज करणार होत्या, सगळ्या कागदांच्या दोन-दोन प्रती हव्या होत्या. त्यात कचेरीतून काढलेली मामांच्या तक्रारीची प्रत होती. मी ती काचेवर ठेवता ठेवता वाचली. सुवाच्य मराठीत लिहिलं होतं: 'सदर पत्राचा फोटो मी स्वतः वाचून पाहिला व खात्री झाल्यावर मजकूर बोललो. पत्र खरे मानण्यात दुसऱ्या कोणाचाही दोष नाही.'

मशीनचं झाकण माझ्या हातात तसंच राहिलं. सिस्टरांनी काय झालं म्हणून विचारलं. मी म्हणालो, त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. पत्र मी वाचलं होतं.

सिस्टरांनी ना दिलासा दिला, ना बोल लावला. त्यांनी काउंटरवरचं पेन उचलून माझ्यापुढे धरलं.

"मग हे खाली लिहा."

मी लिहिलं. चारच ओळी झाल्या. सही करायला जागा शोधू लागलो, तेव्हा वरती मामांची सही दिसली. कानडीत, एकेक अक्षर सुटं, शाळेतल्या मुलाने पाटीवर काढावं तसं गोल. तिच्या खाली मी माझं नाव घातलं.