तिनं ओळखलं नाही

मी तेव्हा नागपूरला लेकीकडे होते. सकाळी यांचा फोन आला. "ताई गेली," एवढंच म्हणाले. मग "झोपेतच," असं म्हणाले आणि फोन ठेवला. मी रायपूरला पोचले तेव्हा चौबे कॉलोनीतलं आमचं घर माणसांनी भरलं होतं. त्यांत निम्मे खाकी कपड्यांतले, जंगलखात्याचे होते. नलूताई माझी नणंद, जनावरांची डॉक्टर. लग्न केलं नाही, शेवटपर्यंत आमच्यातच राहिली. तिला जाऊन आता दोन महिने होत आले.

नवं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झाली, तेव्हा ताई शहरातल्याच जनावरांच्या दवाखान्यात होती. रानम्हैस राज्याचा प्राणी ठरली. चौकाचौकांतल्या फलकांवर तिची शिंगं दिसायला लागली, आणि जंगलात मात्र ती संपत आली होती. ओडिशाच्या बाजूच्या ज्या जंगलात ताईला पाठवलं, तिथे गावच्या म्हशींशी सरमिसळ न झालेले मोजके नर आणि एकच मादी उरली होती. मी विचारलं, "ताई, काहून जाऊन राहिल्या तिकडं? म्हशी काय इथं कमी आहेत?" ती डबा भरत होती. म्हणाली, "घरची म्हैस माणसाले पाहून जवळ येते शोभा, रानची अंगावर येते. ते अंगावर येणं संपून राहिलं."

त्या मादीभोवती मोठं कुंपण घातलं होतं. तिला रेडकू झालं, तो नर. पुढच्या खेपेलाही नरच. ताई घरी यायची, आंघोळ करायची, दोन घास खाऊन झोपायची. मग एका उन्हाळ्यात मादी रेडकू झालं, पण आई त्याला जवळ घेईना. रेडकू उभं राहीना. तसंच आईजवळ ठेवावं तर मरणार, आणि उचलून बाटलीवर वाढवावं तर माणसाळणार. वरचे साहेब म्हणाले, निर्णय डॉक्टरांचा. ताईनं ते उचललं. काही महिने ती तिथल्या चौकीतच राहिली. गावच्या म्हशीचं दूध बाटलीनं पाजत होती. रेडकू जगलं, आणि जीपचा आवाज आला की धावत यायला लागलं. ताईच्या ओढणीचं टोक चघळायचं. सगळे खूश होते. आमच्या पोरानं फोटो पाहून विचारलं, "बुआ, इसका नाम क्या है?" ताई म्हणाली, "नाव नाही ठेवायचं. नाव ठेवलं की घरची झाली."

दूध सुटल्यावर तिनं ठरवलं, आता कोणी जवळ जायचं नाही. आधी तिनं स्वतःच जवळ जाणं बंद केलं. वारा पाहून लांब जीप लावायची, काच चढवायची, बोलायचं नाही. रेडकाची आता वगार झाली होती; ती कुंपणाशी उभी राहून ओरडायची. धनीराम नावाचा वनरक्षक एकदा म्हणाला, "मैडम, तुँहर बर रोवत हे." तुमच्यासाठी रडते आहे. ताईनं जीप वळवायला सांगितली. हे मला धनीरामनंच नंतर सांगितलं. घरी ताईनं त्या दिवसांत चहा सोडला होता, तेवढं माझ्या लक्षात आहे... कारण विचारावंसं वाटलं नाही.

असं किती काळ चाललं, मला नेमकं सांगता येणार नाही. पोराची दहावी झाली, कॉलेज सुरू झालं, इतका. मग एका दुपारी जंगलखात्याची गाडी दारात थांबली. ताई उतरली ती हात गळ्यात बांधून, कपाळाला टाके. कुंपणाच्या आत खुरांचे ठसे पाहायला जीपमधून उतरली होती. वगार गवतातून सरळ अंगावर आली. ताई नाल्यात पडली म्हणून शिंग चुकलं, आणि धनीरामनं जीप मध्ये घातली म्हणून जीव वाचला. हे भडकले, "ताई, मेली असती ना तू!"

"मेली असती," ती म्हणाली. चेहरा असा, की जणू पोट्टी पहिली आली शाळेत. "पण भाऊ, तिनं मले ओळखलं नाही! वास घेतला, पाहिलं, अन् आली अंगावर!" मग मला म्हणाली, "शोभा, जलेबी मागव."

तो हात पुढे नीट वर गेलाच नाही. वेणी मी घालून द्यायची. प्रश्न सुटला असंही नाही. त्या जंगलात जोडीला नात्याबाहेरचा शुद्ध रक्ताचा नर मिळणं कठीण आहे, आणि एका वगारीनं कळप होत नसतो, हे ताई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत होती. पेपरवाल्यांना ते छापायला आवडत नसे.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं तिकडे गेलो. जीप थांबली तिथे धनीरामनं न सांगता काच चढवली, ड्रायव्हरनं बोलणं तोडलं. त्यांना ती सवयच झाली आहे. बऱ्याच वेळानं गवत हललं आणि ती बाहेर आली... काळी, रुंद, शिंगांना चिखल. यांनी काही बोलायला ओठ उघडले, तसा मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तिनं मान उचलून आमच्याकडे पाहिलं, जोरात फुरफुरली आणि खुरानं माती उकरायला लागली.

"मागे घे," धनीराम ड्रायव्हरला हळूच म्हणाला, आणि हसला.