लादीचं औषध हातावर

"मावशी, तिथेच थांबा. हात पुढे करा."

मॅडमनी लादी पुसायच्या जंतुनाशकाची बाटली उघडली आणि माझ्या हातांवर ओतली. वरून. बाटली माझ्या बोटांना लागू नये म्हणून चांगली हातभर वरून. मी दाराबाहेर ओंजळ धरून उभी. समोरच्या फ्लॅटमधली बाई चपला घालता घालता बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

करी रोडच्या त्या टॉवरात मी त्यांचं बाळ सांभाळायचे. आमच्या चाळीत गोवर आला होता. ते मीच त्यांना सांगितलं, लपवलं नाही. बाळाची लस अजून व्हायची होती, आणि माझाही जीव होता हो त्याच्यात! आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "गोवर मुख्यतः हवेतून पसरतो. लस चुकवू नका. हात साबणाने धुवा, खेळणी, कड्या पुसत जा." म्हटलं, मॅडम, मी बेसिनवर साबणाने धुते ना.

"घरातल्या बेसिनला हात लावायचा नाही."

मग रोज तेच. हातांची सालपटं निघाली. घरी भाकरी थापताना आग आग व्हायची. नवरा घरी बसलेला, पोरीची बारावी. काम सोडू कशी? नोकरांच्या लिफ्टने वर जाताना हात पदरात गुंडाळून घ्यायचे. आई सांगायची, गावात तिला पाणी असंच पाजायचे, वरून, भांडं लागू न देता. मी चिडायचे, तू पीत कशी होतीस गं? आता कळलं. तहान लागलेली असायची, म्हणून.

एक दिवस मॅडमची बहीण आली. शिंकतच आली, डोळे लाल. आल्या आल्या बाळाला उचलून मुके घ्यायला लागली. मी अजून दाराबाहेरच.

"मॅडम, ताईंना आधी हात धुवायला सांगा. तोंडाला काही बांधू देत. बाळ लहान आहे."

"ती घरची आहे. तुम्ही हात पुढे करा."

आणि माझे हात आपोआप पुढे गेले. तेच डोक्यात गेलं. सवय लागली होती मेल्यांना! मी हात मागे घेतले. औषध लादीवर सांडलं.

"बेसिनवर धुवीन. ताई धुतील तिथेच. नाहीतर नाही."

"मग उद्यापासून येऊ नका."

बाळ माझ्याकडे झेपावत होतं. रडू आलं. तरी वळले.

अजून काम मिळालेलं नाही. घरात रोज बोलणी खाते. पण नव्या दारात उभी राहिले की पहिलं विचारते, हात कुठे धुवायचे? धुवीन. साबण लावून, चोळून चोळून धुवीन. पण घरातल्या नळाखाली. कुणाच्या बाटलीखाली ओंजळ धरणार नाही.