फुलचंदने वाचवलेले स्वर

काळाच्या जबड्यातून हरवलेलं ज्ञान ओढून आणणारी माणसं शतकात एखादीच जन्माला येतात, आणि आमचा फुलचंद त्यांतला एक होता. हे वाक्य माझं नाही. आळेफाट्यावरच्या मंगल कार्यालयात शोकसभा झाली, तिथे एका ट्रस्टचे अध्यक्ष भाऊसाहेब हे वाक्य दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा जरा थांबून, टाळ्यांना जागा ठेवून. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे समोरच्या शेतकऱ्यांना माहीत होतं, म्हणून भाऊसाहेबांना पाणी पिऊन वेळ मारून न्यावी लागली. फुलचंदने काळाच्या जबड्यातून नेमकं काय आणि किती ओढून आणलं, हे मी सांगू शकतो. कारण ते हरवलेलं ज्ञान माझं होतं, आणि जबड्यात घातलं होतं फुलचंदनेच.

त्याच्या जाण्याची बातमी मला कमलवहिनींच्या फोनवरून कळली. "मास्तर, हे गेले. सकाळी चहा घेतला, मशीनपाशी बसले आन् तसेच..." मागे कसलीतरी घरघर ऐकू येत होती. "मशीन अजून फिरतंय वो. बंद कसं करायचं तेवढं सांगा." आयुष्यभर मी त्या यंत्रांची टिंगल केली होती, पण बंद करायचं बटण कुठे असतं हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी मेन स्विच पाडला. पंखाही थांबला असणार.

फुलचंद आणि मी आळ्याच्या शाळेत एका बाकावर होतो. त्याचे पणजोबा राजस्थानातून आले आणि आळेफाट्यावर किराणा दुकान थाटून बसले. चौथ्या पिढीत फुलचंदला दुकानाच्या वरच्या खोलीत संगणक केंद्र काढायची हुक्की आली. मी तेव्हा कॉलेजात मराठी शिकवत होतो आणि विद्यार्थ्यांना घेऊन घाटघरपासून आंबेगावच्या डोंगरातल्या वाड्यांपर्यंत बोलीतले शब्द गोळा करत फिरत होतो. पावसाच्या तऱ्हा, भाताच्या जाती, जनावरं हाकायचे आवाज. सांगणारी माणसं म्हातारी होती, दात नसलेली, आणि एकच शब्द दुसऱ्यांदा विचारला की चिडणारी. बारा वर्षांत चिठ्ठ्यांनी सहा पोती भरली. फुलचंद म्हणाला, "मास्तर, हे आपन सगळं कॉम्प्युटरात घालू." घालायला सुरुवातही केली. मग तो म्हणाला, "आन् याची टेपवर कापी काढू. म्हंजी कॉम्प्युटर जळला तरी तुझे शब्द जिते." त्या काळी संगणकातल्या मजकुराची जादा प्रत कॅसेटसारख्या जाड टेपवर काढून ठेवत, आणि त्यासाठी वेगळं यंत्र असे. ते त्याने पुण्याहून आणलं. दर शनिवारी तो आधीच्या मजकुरापुढे नवा मजकूर जोडायचा आणि टेप लोखंडी कपाटात ठेवायचा. कपाटाला कुलूप लावताना त्याचा चेहरा देवळाचं दार लावणाऱ्या पुजाऱ्यासारखा होई.

टेपवर त्याचा एवढा विश्वास होता की टायपिंग संपल्यावर पोती त्याने खाली भावाच्या दुकानात नेऊन टाकली. मला विचारलं नाही. महिन्याभराने मी जिरं आणलं तर पुडी माझ्याच अक्षरातली. जाब विचारला तर म्हणाला, "आता कागद कशाला पायजे राव? टेपवर हाय ना!" पुढच्या वळवात आळेफाट्यावर वीज पडली. संगणक जळला, टेपचं यंत्रही जळलं. टेप तेवढी कपाटात सुखरूप होती. तालुक्यात ती वाचू शकेल असं काहीच उरलं नव्हतं, आणि लवकरच तसली यंत्रं बनवणंही बंद झालं.

ज्याला पुढे वर्तमानपत्रांनी 'अनोखा छंद' म्हटलं, त्याचा उगम हा असा. फुलचंद भंगारवाल्यांकडून, बंद पडलेल्या कचेऱ्यांतून, पुण्याच्या जुन्या बाजारातून मेलेली टेप-यंत्रं आणू लागला. त्यांतलं रबराचं चाक हमखास वितळून डांबर झालेलं असे. त्यावर त्याने उपाय काढला: ठिबकच्या नळीचा बारीक तुकडा कापून चढवायचा. जुन्या टेपा चिकट होतात, त्यांना मंद ऊब द्यावी लागते. त्यासाठी त्याने एका पोल्ट्रीवाल्याचं अंडी उबवायचं यंत्र आणलं आणि त्याचा काटा पुढे ढकलून आत टेपा मांडल्या. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "एकवीस दिवसांनी पिल्लं निघतील." मी विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "मास्तर, पुढच्या महिन्यात तुझंच काम." त्याने कधी माफी मागितली नाही. माफी मागितली असती तर काम संपलं असतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मात्र मला त्याचा फक्त राग यायचा.

पाहुणे येऊ लागले. त्यांना टेपमधलं काही कळत नसे, पण यंत्रावर हात ठेवून फोटो काढता येत असे. भाऊसाहेबांनी त्याला शाल, श्रीफळ आणि 'स्मृतिरक्षक' ही पदवी जाहीर केली. त्या समारंभात भाऊसाहेब अर्धा तास नव्या पिढीच्या विसराळूपणावर बोलले आणि शाल आपल्या गाडीतच विसरून तसेच परत गेले. फुलचंदला त्याचं काही नव्हतं. तो यंत्रातलं चाक फिरतंय का, हेच बघत होता.

गेल्या वर्षी चाक फिरलं. त्याने मला दुपारी बोलावून घेतलं. ऊब दिलेली टेप यंत्रात सारली आणि वहिनी धरून आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो. अ आला. आ आला. 'आवण', म्हणजे लावणीची भाताची रोपं, हा शब्द दिसला तेव्हा घाटघरची एक म्हातारी माझ्या कानात तो शब्द पुन्हा बोलली, चिडूनच. इ, उ, ए... औ संपला आणि पडदा थांबला.

"पुढं?" मी विचारलं.

"पुढं नाय."

त्याने टेप तीनदा मागे नेली. मग उठून कपाटातून लाल फडक्यात बांधलेलं पहिलं, जळकं यंत्र काढलं आणि स्क्रू खोलले. टेपवर लिहिणारा आतला भाग लाल-पिवळ्या खपलीने माखला होता. त्याने नखाने खरवडलं, वास घेतला.

"दसऱ्याचं हाय," तो म्हणाला. "माझंच."

दुकानदाराचं घर. दसऱ्याला तराजूपासून संगणकापर्यंत सगळ्यांची पूजा व्हायची. यंत्र आणलं तेव्हा स्वरांचंच टायपिंग झालं होतं. त्यांची प्रत निघाली, आठवड्याभरात दसरा आला. यंत्र नवं, मानाचं, म्हणून त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावून भागलं नाही, तोंडातही, म्हणजे टेप सारायच्या फटीत, चिमूट सोडली. त्यानंतरच्या एकाही शनिवारी टेपवर काही उतरलं नव्हतं.

"अरे, पण यंत्र काहीच बोललं नाही?"

"प्रत बरोबर उतरली का, ते तपासाया दुप्पट टाइम लागायचा राव. ते बंद करून ठिवलं व्हतं."

वहिनी उठल्या आणि दारातून म्हणाल्या, "उरलंय ते आता लावा कपाळाला दोघं."

पंधरा दिवसांनी तो बोरीला माझ्या घरी आला. स्वरांची छापील, बांधलेली प्रत हातात ठेवली आणि म्हणाला, "घे. तुझं काम झालं." झालं! जुन्नर-आंबेगावच्या बोलीचा माझा कोश आज स्वरांपुरता उपलब्ध आहे. त्यात 'आवण' आहे, ते लावायचं 'खाचर' नाही. 'इरलं' आहे, पाऊस नाही. 'औत' आहे, बैल नाही. मला त्याला बरंच काही ऐकवायचं होतं. पण तो खुर्चीत बसून चहा बशीत ओतत होता, बोटाच्या नखाखाली अजून लाल होतं... मी साखर पुढे केली. दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा मशीनपाशी बसू लागला. कुणी विचारलं तर सांगायचा, टेपवर असंल अजून कायतरी, मशीनच चांगलं पायजे.

भाऊसाहेबांनी आता ती वरची खोली त्याचं स्मृतिदालन केली आहे. ज्या यंत्रापाशी तो गेला, ते काचेच्या पेटीत ठेवलं आहे. परवाच्या दसऱ्याला मी तिथे होतो. पेटी उघडली, झेंडूची माळ घातली, आणि भाऊसाहेबांनी बोट कुंकवात बुडवलं. मी पुढे होऊ लागलो तर वहिनी हळूच म्हणाल्या, "असू द्या मास्तर. टेप आतच हाय, पन आता कोन बघतंय." भाऊसाहेबांनी यंत्राच्या कपाळाला कुंकू लावलं आणि एक चिमूट त्याच्या तोंडात सोडली. मग पेटी बंद केली. पेटीवर पाटी आहे: कृपया हात लावू नये.