स्वादुपिंडाचं कडं आणि आडवी बाटली

सभेत माईक पुढे केला की काकी तो हातानं बाजूला सारायच्या. "ठेव तिकडं. मला घसा हाय की." कसबा बावड्यात पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाईला माईक कशाला लागतोय? गिरणीच्या खडखडाटावर बोलून बोलून आवाज कायमचा चढलेला. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल.

गल्लीच्या तोंडाशी असलेलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून त्या घरोघर फिरत होत्या. शेवटी बायकांचं मतदान ठरलं. दुकान हवं तर चिठ्ठीवरच्या उभ्या बाटलीवर शिक्का, नको तर आडव्या. पत्रकं मी लिहायचो, वाटायच्या त्या.

त्यातच त्यांना पोटदुखी आणि उलट्या सुरू झाल्या. घोटभर पाणीही ठरेना. पहिल्या डॉक्टरांनी तपासलं, स्वादुपिंडाला सूज आहे म्हणाले आणि विचारलं, "दारू घेता का?"

काकी एवढ्या हसल्या की पोटात कळ आली. पण दाराबाहेर बसलेल्या कुणीतरी ते ऐकलं. दुकानवाल्याची माणसं गावभर सांगत सुटली, "आडवी बाटली म्हणणारी घरात उभी करून बसतीया!"

राजारामपुरीतल्या सर्जन बाईंनी मात्र स्कॅन करून घेतला. जठराखाली, आतड्याच्या सुरुवातीलाच स्वादुपिंडाचं कडं आतड्याला आवळून बसलं होतं. जन्मापासूनचं, क्वचित कुणाला असणारं. कडं कापलं तर आतला रस गळेल, म्हणून ते तसंच ठेवून अन्नाला बाजूनं नवी वाट काढून द्यायची, असं बाईंनी समजावलं.

"म्हंजे बायपास म्हना की," काकी म्हणाल्या. "काढा. पर मतदानाआधी मला उभी करा."

मी पेटलो होतो. "काकी, तुमचा रिपोर्टच पत्रकात छापतो. थोबाडं बंद होतील."

"न्हाय छापायचा." त्या पलंगावर उठून बसल्या. "पिणाऱ्या बाईला दुकान बंद करायचा हक्क न्हाय व्हय रं? मी चांगली हाय म्हणून पोट उघडून दावत फिरू?"

पुढच्या पत्रकात मी फक्त त्यांचा पिणाऱ्या बाईच्या हक्काचा प्रश्न छापला.

ऑपरेशन झालं. टाके निघाले नव्हते, तरी मतदानाला त्या रिक्षानं आल्या, पोटाशी उशी दाबून. शाळेच्या फाटकाशी दुकानातला एक नोकर खिदळला, "काय काकी, आज किती झाली?"

काकी थांबल्या. "माझं ऱ्हाऊ दे. मागं बघ की. तुझी बायको रांगेत उभी हाय."

तो वळला. ती त्याच्याकडेच बघत होती.