राहीबाईची ताल

राहीबाई लग्न होऊन पारनेरच्या माळावर आली तेव्हा सासरच्या रानात नांगर खडकावर खरवडायचा. दिवसा तापून, रात्री गारठून खडक भेगाळायचा, भेगांत गवताची मुळं शिरायची आणि तांबूस मुरूम सुटायचा. पण पाऊस आला की सगळं ओढ्याला जायचं. म्हणून तिनं आणि नवऱ्यानं, भिमाजीनं, ओघळीत काळे दगड रचून आडवी ताल घातली. दरसाल तिच्यावर एक थर चढे, मागे थोडी माती थांबे. भिमाजी गेला, पोरगा कर्ता झाला, तेव्हा कुठं बाजरीपुरतं रान झालं.

बहात्तरच्या दुष्काळात राहीबाई आणि तिची सून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. राहीबाईचे खांदे भरून यायचे. मग ती टेकडीच्या पोटातला कुजका दगड आणायची. एका घावात फुटायचा. मुकादम काकासाहेबानं तिचा ढीग पायानं उधळला.

"मावशे, खडी आनली का भाकरीचं पीठ?"

बायका हसल्या. राहीबाईही कसनुसं हसली.

सून पुष्पावती नेवाशाकडची. तिच्या माहेरी विहीर खणताना पुरुषभर काळी मातीच निघते. माती अडवून धरावी लागते हे तिच्या गावीही नव्हतं. सासूचे हाल बघवेनात, म्हणून ती रोज पहाटे ओघळीतून टणक काळे दगड आणू लागली. ढीग पास होऊ लागला. दगड कुठले, हे राहीबाईनं विचारलं नाही. विचारायचंही त्राण नव्हतं.

वळवाचं आभाळ भरून आलं तेव्हा ती रानात गेली. तालीला मधोमध खिंडार पडलं होतं. तिथले दगड खडी होऊन रस्त्यावर पसरले होते.

"आत्याबाई, मला वाटलं नुसतेच दगड हायेत," मागून आलेली पुष्पावती म्हणाली. "आमच्याकडं माती असतीच की."

"हितं नसती, बाई. हितं करावी लागती."

दोघींनी हाताशी होता तो कुजका दगडच खिंडारात रचला. पाऊस जेमतेम तासभर पडला. सकाळी तो दगड फुटून वाहून गेलेला, त्याच्यामागं अर्धं रान.

पुष्पावती टेकडीकडून एक काळा दगड पोटाशी धरून आली. राहीबाईनं बोटानं जागा दाखवली.

"किती वर्सं लागतील, आत्याबाई?"

"मला न्हाई दिसायची ती माती. तू बघशील."

मग हातोड्या घेऊन दोघी कामावर गेल्या.