सखोबाचा फेटा

जिवंत माणसाची स्तुती केली तर जीभ झडते अशी माझ्या सासऱ्यांची पक्की समजूत असावी, आणि त्यांची जीभ शेवटच्या दिवसापर्यंत अगदी शाबूत राहिली. सासूबाईंच्या हातची कुळथाची पिठी ते वाडगेच्या वाडगे ओरपत आणि हात धुता धुता म्हणत, "आमची आय करायची ती पिठी!" आय हयात असताना ते आपल्या आजीच्या पिठीची आठवण काढत, असं सासूबाईंनीच मला एकदा हसत हसत सांगितलं. मी महाडच्या शाळेत मास्तर. माझ्याशी मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि चार माणसांत निकाल दिला, "मास्तर बरा हाय. पण पूर्वीचे मास्तर! हात उचलला की पोराचं धोतर ओलं व्हायचं." पुढे वीस वर्षं त्यांनी मला 'बरा' या एकाच शब्दावर ठेवलं. त्यांच्या घरात हा शब्द म्हणजे शिखर होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

त्यांचा धंदा बैलांना नाल ठोकण्याचा. पोलादपुरात, कशेडी घाटाच्या वाटेला लागून त्यांची पडवी होती, आणि घाट चढण्याआधी गाडीवान तिथे बैल सोडत. नाल ठोकायचे म्हणजे बैलाच्या पायांत दोरी अडकवून त्याला आडवा पाडावा लागतो. दुसऱ्या नालबंदाला हे निव्वळ काम असतं; आमच्या सासऱ्यांना ती कुस्ती होती. बैल धप्पकन पडला की ते गाडीवानाकडे वळून म्हणत, "हा पडला काय? हा तर बसला. वरंधच्या सखोबानं पाडलेला माणूस बघायला पायजे होतास तू." आणि मग हातातला हातोडा खाली ठेवून ते सखोबाची कुस्ती सुरुवातीपासून सांगत. खडाखडीला किती वेळ गेला, घाटावरच्या पैलवानाने पट कसा काढला, सखोबा त्याच्या अंगावरून कसा पलीकडे उतरला, सगळं. तेवढा वेळ चारी पाय बांधलेला बैल डोळे फिरवत पडून असे आणि गाडीवान उन्हाकडे बघत चुळबुळत असे. पोलादपूरच्या पंचक्रोशीत सखोबाची कुस्ती सर्वांत जास्त वेळा कोणी ऐकली असेल तर ती बैलांनी.

संध्याकाळी याच पडवीत त्यांची बैठक बसे. बैठकीत कायमचा माणूस एकच, एक म्हातारा हरकारा. टपालाची थैली खांद्याला लावून त्याने उभी हयात वरंध घाट चढण्या-उतरण्यात घालवली होती, आणि त्यामुळे घाटाच्या दोन्ही अंगांचे कुस्त्यांचे फड त्याने पाहिले होते. हे दोघे आणि मेलेले पैलवान अशी ती मैफल. जुन्या पैलवानांचा खुराक दरवर्षी वाढत असे. माझ्या लग्नाच्या साली सखोबा रोज एक चरवी दूध पीत होता. माझा थोरला मुलगा चालायला लागला तोवर त्याला एक म्हैस पुरेनाशी झाली होती. मेल्यावर माणसाची भूक एवढी वाढते हे पाहून मी थक्क होई.

पण बैठकीत नाव निघायचं तर मरण ही एकच अट होती. एकदा उमरठचा भाना नावाचा पैलवान मुंबईत पटकीने गेल्याची वार्ता आली. त्या दिवसापर्यंत भाना म्हणजे "पाय चोरणारा" होता. वार्ता येताच सासऱ्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "भानाचा पट! पट कधी काढला ते दिसायचंच नाय. माणूस पडलेला तेवढा दिसायचा." आठ दिवस भाना असा वाढत गेला. नवव्या दिवशी तो सर्व्हिस मोटारीतून ट्रंक घेऊन धडधाकट उतरला आणि आपल्याविषयी कुणी चांगलं बोलतंय हे कानावर आल्यामुळे बिचारा मुद्दाम पाया पडायला आला. सासऱ्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आलास होय?" ते म्हणाले. "पट काढताना मान फार खाली घालतोस रे तू. किती येळा सांगितलं तुला." आठ दिवसांची सगळी स्तुती त्यांनी त्या एका वाक्यात परत घेतली. भाना हसला. आम्हीही हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

आता फेट्याविषयी सांगायला हवं. आमच्याकडे जत्रेच्या फडात पैलवानाला पंच कडं देतात, नारळ देतात, ते वेगळं. पण एखादी कुस्ती मनाला लागली की बघणाऱ्यांतला जाणता माणूस उठून मातीत जातो आणि सगळ्यांदेखत पैलवानाच्या डोक्याला फेटा बांधतो. पैलवान कडं विकून खातो, फेटा विकत नाही. सासऱ्यांनी सखोबासाठी असा एक फेटा घेतला होता, केशरी रेशमी, जरीच्या काठाचा. पण पुढचा फड भरायच्या आत मानमोडीच्या तापाच्या साथीत सखोबा गेला. तेव्हापासून दर शिवरात्रीला ते फेटा ट्रंकेतून काढीत, फडक्यात बांधून महाडच्या जत्रेला आणीत, सावित्रीच्या पात्रात भरलेला फड पहिल्या नारळापासून शेवटच्या कड्यापर्यंत बघत, आणि फेटा घडी न मोडता परत नेत. "सखोबाच्या जोडीचं डोकं दिसलं नाय," असं घरी येऊन सांगत. फडाला येणारे लोक कुस्त्यांच्या आधी म्हाताऱ्याच्या काखेतलं गाठोडं बघायचे. यंदा तरी सुटतं का, यावर पैजा लागायच्या.

त्या फेट्यावर एका माणसाचा जीव अडकला होता, आणि तो त्यांच्याच घरात राहत होता. शिवराम, त्यांचा एकुलता मुलगा, म्हणजे माझा मेहुणा. त्याने कधी तोंडाने मागितलं नाही. पण पहाटे नदीवर जाऊन जोर-बैठका काढायच्या, दिवसभर बापाच्या हाताखाली बैल पाडायचे आणि संध्याकाळी पडवीच्या खांबाला टेकून सखोबाची तारीफ ऐकायची, हे तो वयाच्या पंधराव्या वर्षापासून करत आला होता. पंचविशीला आला तेव्हा त्याला दोरी लागत नव्हती. शिंगाला हात घालून मान अशी वळवी की बैल शहाण्यासारखा निजे. एकदा मी न राहवून म्हटलं, "मामा, शिवराम तयार झाला हं." सासरे खिळे मोजत होते. "बरा हाय," ते म्हणाले. शिवरामने ते ऐकलं आणि त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

त्या सालच्या शिवरात्रीला भोरकडून एक पैलवान उतरला होता. कोकणच्या माणसाला भातखाऊ म्हणून हिणवणारा, मान म्हणून नसलेला, नुसता खांद्यावर डोकं ठेवल्यासारखा. तीन वर्षांत कोकणात त्याला कुणी हलवलं नव्हतं. शेवटची कुस्ती शिवरामशी लागली. मी सासऱ्यांच्या शेजारीच बसलो होतो. कुस्ती किती वेळ चालली सांगता येणार नाही. हलगीवाल्याने दोनदा हात बदलला एवढं आठवतं. मध्ये एकदा शिवराम खाली गेला, डाव्या अंगावर आला. पण पाठ टेकायच्या आत तो मासळीसारखा उलटला, उठला, आणि उठता उठताच त्याने ढाक लावली. भोरचा पैलवान पालथा नव्हे, कुशीवर नव्हे, सरळ आभाळाकडे तोंड करून पडला. पंचांनी हात वर केला. लोकांनी टोप्या उडवल्या. आणि मग एकदम गप्पगार झालं, कारण म्हातारा उठला होता.

गाठोडं सोडत सोडत ते मातीत उतरले. हलगी थांबली. केशरी रेशीम उन्हात दिसलं तेव्हा माझ्या मागचा कुणीतरी "सुटलं, सुटलं" असं कुजबुजला. शिवराम बापासमोर आला आणि डोकं खाली करून उभा राहिला. त्याची छाती भात्यासारखी चालली होती. सासरे त्याच्याभोवती फिरले, बैल बघायला आलेल्या गिऱ्हाइकासारखे. पाठीमागे थांबले. डाव्या खांद्यामागची ओली माती त्यांनी अंगठ्याने काढली आणि बोटांत चोळली.

"ही कसली?"

"येका अंगावर गेलो होतो बाबा. पाठ नाय टेकली. पंचांनी बघितलंय."

"सखोबाच्या पाठीमागं मातीचा कण दिसला नाय कधी," सासरे म्हणाले. फेटा त्यांनी पुन्हा फडक्यात ठेवला. "पुढल्या साली बघू."

ते परत येऊन माझ्या शेजारी बसले. शिवराम तसाच उभा होता, मान खाली घालून. शेवटी पंचांपैकी कुणीतरी त्याच्या हातात कडं अडकवलं आणि त्याला बाजूला नेलं. मीही काही बोललो नाही. सासऱ्यापुढे जावयाने तोंड उघडू नये ही रीत मला त्या दिवशी फार सोयीची वाटली. त्याबद्दल मला स्वतःची लाज वाटते, आणि ती अजून गेलेली नाही.

आठ दिवसांनी शिवराम दासगावच्या बंदरावरून बोटीत बसला आणि मुंबईला गोदीत हमालीला लागला. पत्रं माझ्या पत्त्यावर येत. तिथला कुणी लिहिणारा लिहून देई. सगळी खुशाली झाली की शेवटची ओळ ठरलेली असे. 'बाबा फडाला गेले होते का, फेटा कोणास बांधिला ते कळविणे.' मी कळवी की कोणास नाही. तीन शिवरात्री असं चाललं. चौथ्या सालच्या पत्रात ती ओळ नव्हती. बोटीवरचा माल उचलणाऱ्या यारीची साखळी सुटून कापसाची गासडी त्याच्या मांडीवर आली होती. पाय वाचला, पण गुडघ्यात वाकेनासा झाला.

तो घरी आला त्या संध्याकाळी मी पोलादपुरातच होतो. दोन माणसांनी त्याला मोटारीतून उतरवलं. खांबाला टेकून, पाय लांब करून तो आपल्या जुन्या जागी बसला. सासूबाई आतून डोळे पुसत पाणी घेऊन आल्या. हरकारा येऊन टेकला होता. मग सासऱ्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, भानाच्या वार्तेला ठेवलं होतं तसं.

"शिवरामची ढाक!" ते म्हणाले. "भोरचा पैलवान म्हणजे काय साधा माणूस होता? मी बसलो होतो हाताच्या अंतरावर. खाली गेला पोरगा, आणि अंग कसं चोरलं त्यानं! पाठीला माती नाय लागू दिली. कोकणात पैलवान दोनच झाले. येक सखोबा आणि येक आमचा शिवराम."

"झाले खरे," हरकारा म्हणाला.

सासरे बोलत राहिले. इतकं सुंदर ते सखोबाविषयीही बोलले नव्हते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. शिवराम ऐकत होता. ज्या शब्दांसाठी त्याने वर्षानुवर्षं अंग झिजवलं ते सगळे शब्द एकामागून एक येत होते आणि त्याचा चेहरा काळवंडत चालला होता.

"बाबा," तो म्हणाला, "मी जित्ता हाय."

"हायस रे, हायस," सासरे म्हणाले, आणि त्यांना काय ऐकू आलं कोण जाणे, ते घाईघाईने आत गेले आणि ट्रंकेतून फेटा घेऊन आले. मुलासमोर बसून त्यांनी घडी उलगडली. इतकी वर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीघडीवर विरलं होतं. पहिला फेर घालायला ओढ दिली आणि त्याचा तुकडा हातात आला. दुसरा फेर घातला, तोही फाटला. म्हातारा ऐकेना. तुकड्याला तुकडा धरून तो मुलाच्या डोक्याला गुंडाळू लागला. शेवटी जरीचा काठ तेवढा सलग राहिला.

"ऱ्हाऊ दे बाबा," शिवराम म्हणाला, आणि बापाचे हात त्याने डोक्यावरून खाली घेतले.

पुढे शिवराम पाय लांब करून बसल्या बसल्या नाल ठोकू लागला. बैल पाडायचं काम गाडीवान करत. रेशमाचे तुकडे कधी अवजारं पुसायला आले, कधी बैलाच्या चिरलेल्या खुराला. सासरे त्याकडे बघत नसत. दोन पावसाळे काढून ते गेले. तेराव्याला हरकारा माझ्याशेजारी बसला होता. तो म्हणाला, "मास्तर, सखोबाच्या शेवटल्या फडालापण त्यो फेटा काखेत होता. मी म्हनलं, बांध. तर तुमचा सासरा म्हनला, आनखी येक कुस्ती मारू दे, पुढल्या साली बांधू." एवढं सांगून त्याने पानावरचा लाडू फोडला. सासऱ्यांनी तो फेटा सखोबासाठी घेतला होता हे आम्ही शेकडो वेळा ऐकलं होतं. तो बांधायचा का राहिला, हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

त्यांची आठवण येते तेव्हा मी बायकोला म्हणतो, काय माणूस होता, त्यांच्यासारखी कुस्ती सांगणारा पुन्हा होणार नाही. ती म्हणते, "ते असताना नाही कधी म्हणालात."

मागच्या शिवरात्रीनंतर मी मुद्दाम पोलादपूरला गेलो. शिवराम एका खिलारी बैलाच्या खुरात खिळा बसवत होता. मी त्याच्याजवळ उकिडवा बसलो आणि मास्तरासारखं घोकून आणलेलं बोललो. म्हटलं, "शिवराम, त्या दिवशी तुझी पाठ टेकली नव्हती. मी हाताच्या अंतरावर होतो. तेवढी चांगली कुस्ती मी आधी पाहिली नाही, नंतर पाहिली नाही. हे मी तेव्हाच उठून सांगायला हवं होतं."

त्याचा हातोडा वरच्या वर थांबला. त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"डाक्टर कायतरी बोलला काय तुम्हाला, माझ्याबद्दल?" त्याने विचारलं.

"नाही रे. तू चांगला ठणठणीत आहेस."

"नक्की ना?"

"नक्की."

तो पुन्हा खाली वाकला. एक खिळा ठोकला, दुसरा ठोकला. बैल डोळे फिरवत पडून होता आणि गाडीवान उन्हाकडे बघत होता. मग मान वर न करताच शिवराम म्हणाला, "सांगा मंग. पहिल्यापासनं सांगा."